दारातूनच परत

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. बाकीचे नऊ निदान लांबून त्रास देतात. माझा दहावा शेजारच्या खोलीत बसतो आणि कानात फोनची बोंडं घालून दिवसभर कुणाशी ना कुणाशी बोलत असतो. पण मी तक्रार कुठल्या तोंडानं करणार? घर त्यांचं, मी आश्रित. बायको गेल्यावर लेकीनं माझं शिंप्याचं दुकान बंद करायला लावलं आणि मला इथं आठव्या मजल्यावर आणून ठेवलं. जन्मभर पायानं मशीन चालवलं, आता दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलाय. त्यामुळे लिफ्ट चालू असली तर मी माणूस, लिफ्ट बंद पडली तर मी घरातलं एक कपाट.

जावईबापू लिफ्टच्याच कंपनीत आहेत. लिफ्ट बसवायला नव्हे, दुरुस्त करायलाही नव्हे. कंपनीची मेल ज्या यंत्रातून येते-जाते, त्या यंत्राचे ते राखणदार. आमच्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल त्यांच्याच शब्दाखातर त्यांच्या कंपनीकडे गेली, तेव्हापासून शेजारीपाजारी त्यांना थांबवून ‘साहेब, लिफ्ट आज कुरकुरतेय बरं का’ असं सांगतात. ते गंभीरपणे मान डोलावतात. त्यांना त्यातलं काही कळत नाही, हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. आम्ही दोघंही ते झाकून ठेवतो.

मध्यंतरी त्यांच्या कंपनीत एक तमाशा झाला. मालकांच्या पत्त्यावरून शेकडो गिऱ्हाइकांना मेल गेली की टकलावर केस उगवणारं तेल आलंय, आजच मागवा. खाली मालकांचं नाव. मालकांच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांची चांगलीच करमणूक झाली. मालकांनी अर्थातच काही पाठवलं नव्हतं. कुणा भामट्यानं पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचा पत्ता टाकला होता.

‘‘असं कुणीही कुणाचंही नाव लावू शकतो?’’ मी विचारलं होतं.

‘‘पाकिटाच्या मागे आपण कुणाचंही नाव लिहू शकतो की नाही, मामा? तसंच.’’

‘‘आणि पोस्टमन काही विचारत नाही?’’

‘‘आजवर विचारत नव्हता. आता मी त्याला विचारायला लावणार आहे.’’

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. असं काही समजावताना त्यांचा चेहरा फार छान होतो, हे मी कबूल करतो. कंपनीनं जाहीर करायचं की आमच्या नावाची मेल फक्त ह्या ह्या यंत्रांतून निघते. दुसरीकडून कुणी तेच नाव लावून आला तर तो खोटा. खोट्याचं काय करायचं, याचे तीन रस्ते. पहिला, नुसती नोंद करून त्याला आत सोडायचं. दुसरा, त्याला बाजूच्या डब्यात टाकायचं, म्हणजे नंतर कुणीतरी चाळून बघेल. तिसरा रस्ता म्हणजे दारातूनच परत. शहाणी माणसं पहिल्या रस्त्यानं सुरुवात करतात, काही आठवडे नुसतं बघतात आणि मगच पुढे सरकतात. पण तेलाची दुसरी मेल गेली तेव्हा मालक इतके भडकले, की शनिवारी जावईबापूंनी थेट तिसरा रस्ता धरला.

‘‘बाजूला ठेवलं की चाळत बसावं लागतं,’’ ते जेवताना म्हणाले.

‘‘बरोबर आहे,’’ मी म्हटलं. ‘‘चोराला ओट्यावर तरी कशाला बसवायचं?’’

लेकीनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. सासरा-जावयाचं इतकं एकमत तिनं लग्नापासून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. लेक नर्स आहे, तिची हॉस्पिटलात दिवसपाळी होती. ठकी, म्हणजे माझी साडेतीन वर्षांची नात, जेवून झोपली होती. मी दूध बारीक गॅसवर ठेवलं आणि मग पाहिलं तर घरात ब्रेड नाही. ठकीला उठल्या उठल्या दूध-ब्रेड लागतो, नाहीतर ती घर डोक्यावर घेते. मी जावईबापूंच्या खोलीत डोकावलो. म्हटलं, ‘‘खाली जाऊन येतो. दूध ठेवलंय, लक्ष असू द्या.’’ त्यांनी मान हलवली, ‘हो हो’ म्हणाले. मी लिफ्टनं खाली गेलो, कोपऱ्यावरून ब्रेड घेतला आणि परत आलो, तर खाली लिफ्टसमोर हातात खोका घेऊन जावईबापू उभे.

मला बघून ते हसले. मी हसलो नाही.

‘‘ठकी?’’

‘‘गाढ झोपलीय. पार्सलवाला वर यायला तयार नव्हता. म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. हा काय, निघालोच वर.’’

‘‘लहान पोर एकटं टाकून?’’

‘‘अहो मामा, दार ओढून घेतलंय. किल्ली आहे माझ्याकडे.’’

जावयाशी वाद घालायचा नाही, हा मी स्वतःला घालून दिलेला नियम आहे. मी तोंड मिटून लिफ्टमध्ये शिरलो. दार सरकलं. दोन, तीन, चार. पाचव्याच्या पुढे लिफ्टनं एक हिसका दिला, खाली कुठेतरी लोखंड करकरलं आणि ती थांबली. दिवा चालू राहिला, पंखा मात्र बंद पडला.

आम्ही दोघंही थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहिलो. मग जावईबापूंनी आठचं बटण दाबलं, सहाचं दाबलं, सगळीच दाबली. मी म्हटलं, ‘‘फोन लावा.’’ त्यांचा फोन वर चार्जिंगला होता. माझा फोन मी खिशातून काढला. त्या पत्र्याच्या पेटीत त्याला एक रेघसुद्धा मिळेना. त्यांनी तो छताशी धरून पाहिला, दाराच्या फटीला लावून पाहिला, पण फोन ढिम्म.

‘‘काही काळजी नाही,’’ ते म्हणाले आणि त्यांनी घंटेचं लाल बटण दाबलं. वरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका चमकला. ‘‘गेली. आता बघा, पंधरा मिनिटांत आमचा माणूस दारात.’’

‘‘काय गेली?’’

‘‘मेल. पूर्वी ही घंटा खाली वाजायची. पण पोरं उगाच वाजवतात म्हणून लोकांनी काढायला लावली. आता बटण दाबलं की गच्चीवरची पेटी थेट कंट्रोल रूमला मेल पाठवते. लिफ्ट अमुक, इमारत तमुक, माणूस अडकलाय. तिथं एक बाई चोवीस तास...’’

ते बोलता बोलता थांबले. तोंड उघडंच राहिलं. मी खूप माणसांची मापं घेतलीत. माप घेताना माणूस श्वास रोखतो, पोट आत ओढतो, ते मला लगेच कळतं. जावईबापूंनी तसा श्वास रोखला होता.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘जावईबापू.’’

त्यांनी खोका खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसले. ‘‘मामा, ती मेल पोचणार नाही.’’

‘‘का?’’

‘‘त्या पेट्या जुन्या आहेत. त्या बसवल्या तेव्हा कंट्रोल रूम फक्त कंपनीच्याच पत्त्यावरून आलेली मेल उघडायची. म्हणून बसवणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला. पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचाच पत्ता टाकला. पण मेल निघते ती ह्या इमारतीच्या इंटरनेटवरून.’’

मला कळायला वेळ लागला नाही. काल जेवताना मीच मान डोलावली होती.

‘‘म्हणजे आपली लिफ्टसुद्धा कंपनीचं नाव लावून येणारी.’’

‘‘हो.’’

‘‘आणि तिला दारातूनच परत.’’

‘‘हो.’’

‘‘पण तुम्ही तर सगळ्यांना विचारलं होतंत ना, कोण कोण आपल्या नावानं मेल पाठवतं म्हणून?’’

‘‘सगळ्या खात्यांना विचारलं. हिशेबवाल्यांना, पगारवाल्यांना, जाहिरातवाल्यांना. दोनदा विचारलं.’’

‘‘लिफ्टला विचारलंत?’’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्याच जिभेचा राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण ह्यातला संन्यासी आम्हीच होतो आणि फाशीचा हुकूम लिहिणाराही माझ्यासमोर खोक्यावर बसला होता.

मी पुन्हा बटण दाबलं. हिरवा ठिपका चमकला. पुन्हा दाबलं. पुन्हा चमकला. इतका आज्ञाधारक ठिपका मी पाहिला नव्हता.

‘‘परत गेलेली मेल त्या बाईला दिसत नाही?’’

‘‘न आलेली मेल कशी दिसणार, मामा?’’

‘‘दुसरं कुणी तो नियम काढू शकत नाही का?’’

‘‘माझ्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही. मीच तसं करून ठेवलंय,’’ ते म्हणाले. काल हेच वाक्य त्यांनी छाती फुगवून सांगितलं असतं.

मग आम्ही ओरडलो. आधी सभ्यपणे ‘अहो, कुणी आहे का?’, मग असभ्यपणे. दारावर थापा मारल्या. खाली पाण्याचा पंप घरघरत होता, म्हणजे वॉचमन मागच्या टाकीपाशी असणार. रविवारी जेवणानंतर ही इमारत अफू घेतल्यासारखी झोपते. लांब कुठेतरी एक कुत्रं भुंकलं. त्यानंच तेवढी आमची दखल घेतली.

ओरडून घसा बसला तेव्हा मी म्हटलं, ‘‘ठकी उठायची वेळ झाली. जाऊ दे, दूध तरी तुम्ही उतरवलंय. नाहीतर...’’

‘‘कुठलं दूध?’’

मी ब्रेडची पिशवी खाली ठेवली.

‘‘कुठलं काय! मी सांगितलं ना, गॅसवर दूध ठेवलंय, लक्ष असू द्या. तुम्ही हो म्हणालात.’’

‘‘मी कॉलवर होतो, मामा. मी त्यांना हो म्हणत होतो. तुम्ही आलात हे पाहिलं, काय म्हणालात ते...’’ त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. बोंडं अजून तिथं असावीत तसे.

दूध बारीक गॅसवर होतं. बारीक गॅसवरचं दूध सावकाश वर येतं, उतू जातं आणि खालची ज्योत विझवतं. ज्योत विझली तरी गॅस यायचा थांबत नाही. हे काही मला त्यांना सांगावं लागलं नाही. आणि ठकीला सध्या एकच नाद होता. स्टूल ओढत न्यायचं, त्याच्यावर चढायचं आणि घरातले सगळे दिवे लावायचे. उठली की पहिलं काम तेच. आम्ही दोघं तिचं कौतुक करायचो, टाळ्या वाजवायचो.

जावईबापू उठले आणि दारावर अंग टाकायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. लिफ्ट हलली. मी त्यांचा शर्ट मागून धरला. शिवण उसवल्याचा आवाज आला. ‘‘थांबा! आपण खाली गेलो तर तिच्याकडे कोण जाणार?’’ मी ओरडलो. जावयावर मी तेव्हा पहिल्यांदा ओरडलो. त्यांनी ते ऐकलं.

मग आम्ही चार हातांनी दाराच्या दोन फळ्या ओढल्या. त्या इंचाइंचानं सरकल्या. समोर सिमेंटची भिंत होती. पण खाली, आमच्या पायांशी, पाचव्या मजल्याच्या दाराचा वरचा तुकडा दिसत होता. लिफ्ट पाचवा मजला ओलांडून वर येऊन थांबली होती. जावईबापू पालथे पडले, फटीतून हात घालून चाचपायला लागले. ‘‘ह्या दाराला वरच्या बाजूला एक आकडा असतो. कंपनीच्या फिल्ममध्ये दाखवतात.’’

‘‘कसली फिल्म?’’

‘‘काय करू नये, त्याची.’’

आकडा सापडला. बाहेरचं दार सरकलं. पाचव्या मजल्यावरचा उजेड आमच्या पायांवर पडला आणि मी रडायच्या बेताला आलो. पण फट होती जेमतेम दोन वीत. मी जावईबापूंच्या पोटाकडे पाहिलं. मला फूटपट्टी लागत नाही.

‘‘तुम्ही मावणार नाही,’’ मी म्हटलं. ‘‘मी मावेन.’’

‘‘अजिबात नाही. फिल्ममध्ये माणूस ह्याच ठिकाणी मरतो, मामा. लिफ्टच्या तळाखाली सगळी विहीर उघडी आहे. बाहेर उतरताना पाय आत घसरला की थेट खाली. आणि अर्धं अंग बाहेर असताना लिफ्ट सरकली तर...’’

‘‘कात्री मला माहीत आहे.’’

‘‘तुमच्या मुलीला मी काय सांगू?’’

‘‘आणि तुमच्या मुलीला?’’

त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या खिशात घातली आणि खिशावर हात दाबून ती नीट बसली का ते पाहिलं. मी चपला काढल्या. पालथा झालो, पाय फटीतून बाहेर सोडले. ते माझ्यासमोर पालथे पडले आणि त्यांनी माझी मनगटं धरली. लग्नात त्यांचा सूट शिवताना मी त्यांच्या अंगाला हात लावला होता, तेवढाच. हात मऊ होते आणि घामानं चिंब झाले होते, पण पकड सुटली नाही.

‘‘पाय मागे, मामा. मागे! माझ्या बाजूला आणू नका.’’

पोट लिफ्टच्या कडेवर घासलं, बरगड्या घासल्या. पायांना काही लागेना. समोर, लिफ्टच्या पोटाखालून, गार वारा गुडघ्यांवर येत होता. त्या वाऱ्याला खोली होती. मी इतका घाबरलो, की घाबरलो हे सांगायचीही लाज वाटली नाही. ‘‘सोडू नका,’’ मी म्हटलं. ‘‘नाही सोडत,’’ ते म्हणाले. मग त्यांनी मला जोरात बाहेरच्या बाजूला ढकललं आणि त्याच क्षणी सोडलं. मी पाचव्या मजल्यावर पाठीवर आपटलो.

वरून फटीतून खोका सरकत आला. ‘‘दारात अडकवा, नाहीतर बंद होईल! पळा, मामा, पळा!’’

मी खोका दारात अडकवला. पाचव्या मजल्यावरच्या दोन्ही घरांना कुलपं होती. कठडा धरून मी जिना चढायला लागलो. गुडघ्यांनी काय काय सुनावलं ते सांगत नाही. एका जागी मी चक्क हातापायांवर चढलो, जनावरासारखा. मनात एकच चाललं होतं, ठकी, झोप गं बाई, आज झोप, दिवे लावू नकोस.

सातव्याच्या वर वळलो आणि वास आला.

किल्ली कुलपात जाईना. जन्मभर सुईत दोरा ओवला आणि आज हे भोक सापडेना. शेवटी दार उघडलं. वास तोंडावर आला. बोळात मध्येच स्टूल उभं होतं. स्वयंपाकघराच्या दिशेनं अर्धं ओढत आणलेलं. मी श्वास धरून आत गेलो, दुधानं माखलेल्या शेगडीचं बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली आणि ‘ठकी!’ म्हणून ओरडलो.

ती तिच्या बापाच्या खोलीच्या बंद दारापाशी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. डोळे रडून लाल झालेले.

‘‘बाबा दार उघडत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मी किती हाका मारल्या.’’

दार बंद असलं की बाबा कामात असतात, तेव्हा धसमुसळेपणा करायचा नाही, हळूच हाक मारायची आणि थांबायचं, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. ती स्टूल टाकून बापाला बोलवायला गेली होती आणि हळू हाका मारत तिथंच थांबली होती. मी तिला उचललं आणि बाहेर जिन्यात आलो. तिचा चेहरा माझ्या खांद्यात दाबून धरला.

पाचव्या मजल्यावर जावईबापू फटीला तोंड लावून पडले होते. आम्हाला पाहून त्यांनी ‘आहे?’ एवढंच विचारलं. ठकी ‘बाबा!’ म्हणून ओरडली तेव्हा त्यांनी कपाळ लिफ्टच्या जमिनीवर टेकवलं आणि मोठ्यानं रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी हात बाहेर काढला. खालच्या खड्ड्यामुळे मी ठकीला फार पुढे नेलं नाही, पण तिची बोटं त्यांच्या बोटांपर्यंत पोचतील एवढं नेलं. तिला सगळी गंमत वाटायला लागली होती.

‘‘बाबा, तू कपाटात का झोपलायस?’’

आता माझ्या फोनला रेघा होत्या. जावईबापूंनी लिफ्टमधल्या पट्टीवरून कंट्रोल रूमचा नंबर मोठ्यानं वाचला. मी लावला. एका हातावर नात, दुसऱ्या हातात फोन, फोनचा आवाज मोठा केलेला.

‘‘बोला,’’ बाईंचा आवाज आला. गोड, कामात मुरलेला.

मी इमारत सांगितली, लिफ्ट पाचव्या मजल्यावर अडकलीय म्हणालो, आत तुमचेच मेलवाले साहेब आहेत म्हणालो.

‘‘आपण कोण?’’

‘‘त्यांचा सासरा.’’

‘‘काका, राग मानू नका. कालच साहेबांचं पत्रक आलंय. कंपनीच्या माणसाचं नाव सांगून कुणी काही करायला सांगितलं, तर आधी खात्री करायची. मी त्यांच्या नंबरवर लावून बघते. थांबा हं.’’

वर, आमच्या उघड्या घरात, फोन वाजायला लागला. जिन्यातून खाली ऐकू येत होता. वाजून वाजून थांबला.

‘‘ते उचलत नाहीत,’’ बाई म्हणाल्या.

‘‘कसे उचलतील? लिफ्टमध्ये आहेत!’’

‘‘पण काका, लिफ्ट अडकली असती तर मला मेल आली असती. तुमच्या इमारतीतून काहीच आलेलं नाही.’’ त्या माझी समजूत घालत होत्या. म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं. ‘‘खरं सांगू? काल संध्याकाळपासून कुठूनच नाही. एरवी रविवारी नुसता ताप असतो इथं. आज शहरात एकही जुनी लिफ्ट अडकलेली नाही. इतकी शांत पाळी मी कधी केली नव्हती.’’

जावईबापूंनी ठकीची बोटं सोडली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. ते माझ्याकडे बघत नव्हते, कुठेच बघत नव्हते. काल संध्याकाळपासून किती ठिकाणी किती माणसं तो हिरवा ठिपका बघत बसली असतील, ते दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. कुणाच्या घरी पोर असेल, कुणाचं औषध असेल. कुणी एकटंच असेल.

‘‘मामा,’’ ते म्हणाले, ‘‘तिला सांगा, प्रत्येक जुन्या इमारतीला फोन लाव. एकूण एक. लगेच.’’

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘‘सगळ्या? अहो, ते कुणाच्या सांगण्यावरून म्हणून मी करू?’’

मी कोण? कंपनीचा नोकर नाही, लिफ्टचा कारागीर नाही. पाठवणाऱ्याच्या जागी टाकायला माझ्याकडे कुठलंच नाव नव्हतं. मी ठकीला भिंतीशी उभं केलं, पुढे झालो आणि फोन धरलेला हात फटीच्या अगदी तोंडाशी नेला.

‘‘वाजवा,’’ मी जावईबापूंना म्हटलं. ‘‘आपण मघाशी वाजवत होतो तसं. ऐकू दे तिला.’’

त्यांनी मुठी आवळल्या आणि पत्र्यावर मारायला सुरुवात केली. आधी एक, मग दोन्ही. ते ओरडायला लागले, शब्द नव्हते, नुसतं ओरडणं. ती पेटी आमच्या डोक्यावर घुमायला लागली. ठकीनं कानांवर हात ठेवले. मी फोन तसाच उंच धरून ठेवला, हात भरून आला तरी.

ते थांबले तेव्हा मी फोन कानाला लावला. पलीकडे बाई माझ्याशी बोलत नव्हत्या. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, आणि त्या खोलीतल्या दुसऱ्या कुणाला तरी ओरडून सांगत होत्या, ‘‘सगळ्या जुन्या लिफ्टांचे नंबर काढ. सगळ्या. अगं, आत माणसं आहेत!’’